बकऱ्याचं कातडं साफ करायचा दोन मुठींचा सुरा: धार कशी लावायची आणि भोकं न पाडता तो चालवायचा कसा

आखाडात पुण्यातल्या मटणाच्या दुकानांसमोर रविवारी सकाळी ज्या रांगा लागतात त्या सगळ्यांनी बघितल्यात, पण दुकानाच्या मागच्या बाजूला कातड्यांचा जो ओला ढीग पडलेला असतो तो कोणी बघत नाही. त्या ढिगाकडे बघून ज्याच्या डोक्यात "अरे यातून एक झकास हलगी मढेल" किंवा "केसासकट कमावलं तर बसायला आसन होईल" असं येतं, त्या येड्या लोकांसाठी हे लिहितोय. मी त्यातलाच एक.

कातडं कमवायचं म्हटलं की लोक लगेच तुरटी किती, मीठ किती, चुना किती यावर येतात. ते सगळं महत्त्वाचं आहेच, पण माझी पहिली चार कातडी वाया गेली ती मिठामुळे नाही, सुऱ्यामुळे गेली. आतल्या बाजूचं मांस, चरबी आणि ती पातळ चिवट झिल्ली नीट निघाली नाही तर मीठ आत जात नाही, तुरटी आत जात नाही, त्या जागी कातडं सडतं आणि केस पुंजक्याने हातात येतात. आणि काढायच्या नादात जोर लावला तर भोक. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. यातून सुटका करणारं हत्यार एकच, दोन मुठींचा सुरा, तो नीट पाजळता आला पाहिजे आणि नीट ढकलता आला पाहिजे.

आधी हत्यार समजून घ्या

हा सुरा स्वयंपाकघरातल्या सुरीसारखा नसतो. लांब पातं, दोन्ही टोकांना लाकडी मूठ, दोन्ही हातांनी धरून पुढे ढकलायचा. पातं मुठी सोडून बारा ते पंधरा इंच, रुंदी दीड-दोन इंच, जाडी तीन-चार मिलिमीटर, आणि मधे किंचित बाक दिलेला, द्वितीयेच्या चंद्रासारखा पण तेवढा जास्त नाही. बाहेरची फुगीर कड धारदार आणि आतली खोलगट कड बोथट. ही बोथट कड चुकून बोथट राहिलेली नसते, ती मुद्दाम तशी केलेली असते, आणि खरं सांगू का, बकऱ्याच्या कातड्यावर निम्म्यापेक्षा जास्त काम तीच करते. मला हे कळायला एक वर्ष गेलं. मी मूर्खासारखं दोन्ही कडांना वस्तऱ्यासारखी धार लावून बसलो होतो.

चांभारकामातली रापी तुम्ही बघितली असेल, ती कातडं तासायला आणि कापायला भारी, पण अख्ख्या कातड्यावरचं मांस काढायला तिचा उपयोग नाही, पायाकडच्या अडचणीच्या जागेपुरती जवळ ठेवा.

सुरा मिळवायचा कुठे? तयार मिळाला तर उत्तमच, पण पुण्यात दुकानात जाऊन मागितला तर दुकानदार तोंडाकडे बघत बसतो. मी लोहाराकडून करून घेतला. छोट्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा घ्या, जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारलीत तर भंगारात मिळून जातो, तडा गेलेला तेवढा घेऊ नका, नखाने टिचकी मारून आवाज ऐका, खणखणीत पाहिजे. लोहाराला सांगा की ठोकून पातळ कर, बाक दे, दोन्ही टोकं निमुळती काढून मुठीसाठी वळव. आणि एक गोष्ट आवर्जून सांगा, लालभडक तापवलेलं पोलाद एकदम गार करून टणक करण्याला आपण "पाणी पाजणं" म्हणतो, पण या स्प्रिंगच्या पोलादाला पाणी तेलात द्यायचं असतं, थेट गार पाण्यात बुडवलं तर तडकायची शक्यता फार. माझा पहिला सुरा तसाच गेला, टणकन् आवाज आला आणि पात्याला केसाएवढी चीर. लोहारमामा शांतपणे म्हणाले, "गाडी तुझी, पाटा तुझा, घाई पण तुझीच." बरोबर होतं, मीच संध्याकाळी पाच वाजता घोड्यावर बसून गेलो होतो.

पाणी दिल्यावर परत थोडं तापवून टणकपणा कमी करावा लागतो, नाहीतर धार काचेसारखी ठिसूळ होते आणि खाचा पडतात. हे लोहाराला सांगायची गरज नसते, त्यालाच आपल्यापेक्षा जास्त कळतं. फक्त एवढं बघून घ्या की कानस पात्यावर थोडी तरी चावतेय. अजिबात घसरत असेल तर फार कडक झालंय, पुढे धार लावताना रडाल.

धार लावणं

सामान: बोहरी आळीत सगळं एका फेरीत होतं. एक सिंगल कट कानस दहा इंची, दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड (एक बाजू जाड एक बारीक), काळा मार्कर, खडू, आणि बाकावर आवळायला एक पकड किंवा व्हाइस. ग्राइंडर घेऊ नका. घरी असला तरी वापरू नका. ग्राइंडरवर धारेची कड दोन सेकंदात तापते, निळी पडली की तिथलं पाणी उतरलं म्हणून समजा, मग तेवढा भाग मऊ राहतो आणि दर दहा मिनिटांनी बसतो. गल्लीत सायकलवर धार लावणारे येतात ना, त्यांच्याकडे घरातल्या सुऱ्या-कात्र्या खुशाल द्या, हा सुरा देऊ नका, त्यांचा हात वाईट म्हणून नाही, तर याला लागणारी धार वेगळीच आहे आणि दोन्ही कडा ते प्रेमाने चकचकीत धारदार करून देतील.

आता सुरा व्हाइसमध्ये आडवा आवळा, धारदार कड तुमच्यापासून लांब, पुढे. खाली-वर लाकडाची चिप लावा म्हणजे पात्याला ओरखडे येत नाहीत. आधी खाचा बघायच्या. हे दिवसा खिडकीपाशी करा, धार डोळ्यासमोर धरून उजेडाकडे बघायचं. चांगली धार दिसत नाही, अगदी खरंच दिसत नाही, काळी रेघ असते. जिथे पांढरा ठिपका चमकतो तिथे धार बसलीय किंवा खाच आहे. त्या जागेच्या वर मार्करने खूण करून ठेवा.

इथे माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं सांगून टाकतो. कातडं धारेमुळे फाटत नाही. कातडं फाटतं ते धारेतल्या खाचेमुळे. खाच कातड्याच्या धाग्यात अडकते, तुम्हाला वाटतं चिवट झिल्ली आहे म्हणून तुम्ही जोर लावता, आणि टर्रकन् जातं. त्यामुळे एक इंच भाग जास्त धारदार आणि एक इंच कमी असं चालत नाही, सगळी कड एकसारखी पाहिजे, मग ती थोडी कमी धारदार असली तरी चालेल.

कोन किती ठेवायचा याची युक्ती: कागदाचा काटकोन घ्या, एकदा दुमडा, पंचेचाळीस अंश झाले, परत दुमडा, साडेबावीस झाले. त्या कागदाच्या कोनापेक्षा कानस जराशी उभी धरायची, म्हणजे पंचवीस-तीसच्या मधे कुठेतरी. धार एकाच बाजूने लावायची, मी उतार वरच्या बाजूला ठेवतो, म्हणजे काम करताना जी बाजू कातड्याला टेकणार ती सपाट राहते. काही जण दोन्हीकडून लावतात, त्यांचंही चालतं, पण नवीन माणसाला एका बाजूची धार सांभाळायला सोपी जाते.

उतारावर मार्कर फासा, सगळा काळा करा. कानशीच्या दातांवर खडू घासा, लोखंडाचा चुरा दातात अडकत नाही. आता कानस फक्त पुढे ढकलताना दाबायची, मागे आणताना उचलायची, मागे घासत आणली तर कानशीचे दात मरतात आणि कानस काही स्वस्त नाही. डाव्या मुठीकडून उजव्या मुठीकडे सरकत जा, बाकाबरोबर मनगट वळवत. चार-पाच हात मारले की थांबून बघा मार्कर कुठून गेलाय. फक्त वरच्या काठावरून गेला असेल तर कोन फार कमी आहे, फक्त धारेपाशी गेला असेल तर कोन फार जास्त. पूर्ण उतारावरून सारखा गेला की जमलं. खाचेची खूण केलीय तिथेच जास्त घासायचा मोह होतो, तो टाळा, नाहीतर तिथे खड्डा पडतो. सगळी कडच खाचेच्या तळापर्यंत खाली आणायची, वेळ लागतो, लागू दे.

थोड्या वेळाने सपाट बाजूने, धारेच्या दिशेने बाहेर, अंगठा हलकेच ओढून बघा (धारेवरून आडवा नाही हं, धारेकडून बाहेर). अगदी बारीक खरखरीत कड लागेल, वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. ती सगळ्या लांबीभर लागली म्हणजे कानशीचं काम झालं. ज्यांना अंगठ्याने कळत नाही त्यांनी कापसाचा बोळा ओढून बघावा, जिथे तंतू अडकतात तिथे बर आहे.

मग दगड. दगड पाण्यात पंधरा मिनिटं भिजत टाका. पात्याला बाक असल्यामुळे पातं दगडावर फिरवण्यापेक्षा दगड हातात घेऊन पात्यावर फिरवायचा, छोटे छोटे गोल. बोटं दगडाच्या मागे, धारेच्या रेषेत नाही. आधी जाड बाजू, मग बारीक. शेवटी दगडाची बारीक बाजू सपाट अंगाला पूर्ण टेकवून दोनच फेऱ्या मारा, बर निघून जाते. दोनच. इथे कोन उचललात तर सपाट बाजू गोल होते आणि पुढच्या वेळी सगळं परत पहिल्यापासून.

जुन्या पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पितळेची पॉलिश लावून पातं घासायचं लोक सांगतात, घासा, पण दाढी होईल एवढी धार काढू नका. हातावरचे केस उडाले की आपण खूष होतो, पण बकऱ्याच्या पोटाकडचं कातडं जाड कागदाएवढं असतं, तिथे तो आनंद महागात पडतो. मी धार अशी तपासतो: ओल्या कातड्याचा एक वाया गेलेला तुकडा ठेवलेला असतो, त्याच्यावरची झिल्ली सुरा जवळजवळ आडवा धरून ढकलली तर ती कागदासारखी उठून आली पाहिजे, आणि सुरा कातड्यात रुतता कामा नये. बस्.

आता बोथट कड. सुरा उलटा आवळा. इथे कानस काटकोनात, सरळ नव्वद अंशात मारायची, म्हणजे कड सपाट पट्टीसारखी होते, दीड-दोन मिलिमीटर रुंद. मग दोन्ही कोपरे दगडाने हलके मोडायचे. हातावर दाबून ओढली तर कापत नाही पण कातडीवरचा मळ निघेल अशी, वहीच्या पुठ्ठ्याच्या कडेसारखी. कोपरे फार गोल केले तर चरबीवरून नुसती घसरते, अजिबात मोडले नाहीत तर कातडं सोलते. पात्याच्या दोन्ही टोकांचे कोपरे मात्र पूर्ण गोल करून टाका, सगळ्यात जास्त भोकं त्या टोकांनी पडतात, कारण काम करताना लक्ष मधल्या भागाकडे असतं.

ओंडका

सुऱ्याएवढाच महत्त्वाचा. कातडं जमिनीवर किंवा टेबलावर पसरून हे काम होत नाही, गोलाकार आणि तिरप्या ओंडक्यावर होतं, कारण गोल पृष्ठभागावर एका वेळी फक्त दोन-तीन बोटं रुंदीची पट्टी सुऱ्याला लागते, जोर तिथेच जातो. टिंबर मार्केटमधून बाभळीचा किंवा सागाचा अर्धगोल ओंडका आणलात तर छान, नाही तर सहा इंची पीव्हीसी पाइप पाच फूट, प्लंबिंगच्या दुकानात तुकडा मिळतो. एक टोक जमिनीवर, दुसरं तुमच्या कमरेपेक्षा थोडं वर, बेंबीच्या आसपास, खाली लाकडाची घोडी. कातडं वरच्या टोकावरून लोंबतं सोडायचं आणि पोटाने दाबून धरायचं. हात दोन्ही सुऱ्याला, कातडं पोटाला. पुढे जाडजूड रेग्झिनचा ॲप्रन पाहिजेच, नाहीतर घरी परत घेणार नाहीत.

ओंडक्यावरून तळहात फिरवून बघा, एक गाठ, एक खिळ्याचं डोकं, एक चिकटलेला खडा चालत नाही. खालून जे वर येतं तेच सुरा कापतो. माझ्या पाचव्या कातड्याला बरोब्बर पाठीच्या मधे भोक पडलं, कपाळाला हात लावला, सुरा तपासला, खाच नाही, ओंडका तपासला, गुळगुळीत. मग कातडं उलटं केलं तर केसात एक सुकलेली लेंडी. मुगाएवढी. तिच्यावरून सुरा गेला आणि तेवढीच गोल चकती उडाली. तेव्हापासून मी आधी केस धुतो, बोटांनी विंचरतो, कुसळं आणि गोखरू एकेक काढतो, मग कातडं ओंडक्यावर चढतं.

कातडं कुठलं घ्यायचं

मटणवाल्या दादांशी ओळख ठेवा आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा की कातडं सोलताना सुरी कमी लावा. सुरीने सोललेल्या कातड्यावर आतून बारीक चिरा असतात, त्या नंतर ताण दिल्यावर उघडतात. मुठीने ठोसून आणि ओढून काढलेलं कातडं सगळ्यात चांगलं. शहरातली बरीच कातडी हल्ली कोणी घेतही नाही, भाव पडलेत, त्यामुळे माणूस खूष होऊन देतो.

मेलेल्या, आजारी जनावराचं कातडं कधीही घेऊ नका. काळपुळी हा रोग कातड्यातून आणि केसांतून माणसाला होतो, त्याचे जंतू वर्षानुवर्षं जिवंत राहतात, ही गंमत नाही. तपासून कापलेल्या जनावराचंच घ्या. हातावर जखम असेल तर त्या दिवशी काम नको, आणि हातमोजे घाला.

जंगली प्राण्यांचं नावच काढू नका. ससा, हरीण, मुंगूस, कोणी "गावाकडे सापडलंय" म्हणून आणून दिलं तरी नको, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि तो बरोबर आहे. दिमडीला (हलगीसारखंच पण छोटं वाद्य) पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, अजून काही जण दबक्या आवाजात विचारतात, पण घोरपड पहिल्या परिशिष्टात आहे, जेलमध्ये जाल. करडाचं कातडं दिमडीला छान चालतं. गोवंशाच्या भानगडीतही पडायचं नाही, राज्यात गाय कापायला आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळू कापायलाही बंदी आहे. आपलं बकरं आणि मेंढी बरी.

अजून एक मनातलं. हे काम ज्या समाजांनी पिढ्यानपिढ्या केलं, ढोर असोत चांभार असोत, त्यांच्यावर ते लादलं गेलं आणि वर त्याच कामावरून त्यांना लांब ठेवलं गेलं. आपण हौस म्हणून शनिवारी-रविवारी करतो तेव्हा हे विसरू नये, आणि कोणी जाणतं माणूस शिकवायला तयार झालं तर त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत, नुसता चहा नाही. मला ज्या काकांनी हात धरून शिकवलं ते पहिल्या दिवशी माझं काम बघून म्हणाले, "अरे बाळा, दाढी करतोयस का त्याची? ढकल. भाकरी परातीतून सरकवतो तसं ढकल."

प्रत्यक्ष काम

उन्हाळ्यात जनावर कापल्यापासून दोन-तीन तासांत हात लागला पाहिजे, आखाडात हवा थंड असली तरी दमट असते, तेव्हाही उशीर नको. गार पाण्यात धुवा, गरम पाणी अजिबात नाही. रात्रभर थांबावंच लागलं तर आतल्या बाजूला जाडं मीठ भरपूर चोळून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात भिजवून मऊ करून घ्या, वाळकं कातडं सुऱ्याखाली घेतलं तर फाटणारच.

केस खाली, मांसाची बाजू वर, मान तुमच्या पोटाकडे. ढकलायची दिशा मानेकडून शेपटीकडे, म्हणजे केस ज्या दिशेला झोपतात त्या दिशेला. उलट दिशेने गेलात तर केसांची मुळं उघडी पडतात.

सुरुवात मानेच्या मधोमध. तिथे कातडं सगळ्यात जाड, चूक झाली तरी माफ. आधी बोथट कड. एक पाय पुढे एक मागे, हात जवळजवळ सरळ, आणि जोर मागच्या पायातून येऊ दे. खांद्याने ढकललंत तर अर्ध्या तासात खांदे भरून येतात आणि मग हात थरथरतो आणि मग भोक पडतं. एका ढकलीत वीतभर जा, जास्त नाही. चरबी लोण्यासारखी पुढे गोळा होत जाते, बाजूला करा. फार निसरडं झालं तर लाकडाचा भुसा टाका, मूठभर, पकड येते आणि चरबी भुशाला लागून निघते.

पहिली पट्टी साफ झाली की कातडं सरकवून शेजारची. नेहमी साफ झालेल्या भागाकडून न झालेल्या भागाकडे, मधून कडेकडे. कडेवरून आत कधीच ढकलू नका, कड दुमडून सुऱ्याखाली येते आणि दोन घड्या एकदम कापल्या जातात.

आता काही ठिकाणी बोथट कड नुसती घसरेल, मानेच्या मागे आणि पाठीवर एक चिवट पांढरी झिल्ली असते, ती ऐकत नाही. तिथे सुरा फिरवा, धारदार कड पुढे, आणि पातं जवळजवळ झोपवून धरा, सपाट बाजू कातड्यावर. पुढे ढकलताना थोडं आडवंही सरकवायचं, डावीकडून उजवीकडे, म्हणजे धार करवतीसारखी नाही तर कोयत्यासारखी चालते. झिल्लीची एक कड उठली की ती बोटांनी ओढून ताणा आणि खालून सुरा सरकवा, लांबच लांब पापुद्रा निघतो, आणि तो निघताना जो एक सळसळ आवाज येतो ना, त्याच्यासाठी माणूस हे सगळं करतो. सुरा रुततोय असं वाटलं तर थांबा, मुठी अजून खाली करा, पातं अजून झोपवा. जोर वाढवणं हे कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नाही इथे.

थांबायचं कधी हे डोळ्यांना शिकवावं लागतं. ओलं साफ कातडं निळसर पांढरं आणि मॅट दिसतं, बोट फिरवलं तर तेलकट लागत नाही. त्याच्यावर बारीक काळे ठिपके ओळीने दिसायला लागले, मिरपूड भुरभुरल्यासारखे, म्हणजे केसांची मुळं आली, तुम्ही फार खोल गेलाय, हात उचला आणि पुढच्या जागी जा. काळ्या बकऱ्यावर हे पटकन दिसतं, पांढऱ्यावर दिसत नाही, म्हणून पहिलं कातडं काळ्या बकऱ्याचं घ्या.

काखा, जांघा आणि पोट, इथे फक्त बोथट कड आणि तीही हलकी. काखेत कातडं इतकं पातळ असतं की खालचा ओंडका जाणवतो. थोडी झिल्ली राहिली तर राहू दे, वाळताना बोटांनी ओढून काढता येते. सडांच्या आसपास खालून गाठी वर येतात, तिथे सुरा नकोच, रापी घ्या. पायांच्या नळ्या आणि शेपटीचं बूड पण रापीनेच.

दर पंधरा मिनिटांनी थांबून सुरा पुसा. चरबी धारेवर बसली की धार गेल्यासारखी वाटते, लोक उगाच दगड घेतात. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून फडकं भिजवा, पुसा, बहुतेक वेळा धार तिथेच असते. खरंच गेली असेल तर बारीक दगडाच्या दोन-चार फेऱ्या, कानस नाही. पहिलं कातडं करायला मला तीन तास लागले होते, हल्ली पाऊण तास.

भोक पडलंच तर? केसासकट ठेवायचं कातडं असेल तर आतून बारीक टाके घाला, केसात लपतं. वाद्यासाठी असेल आणि भोक मधे असेल तर त्या कातड्याची हलगी विसरा, त्यातून दोन दिमड्या काढा. भोकाच्या कडेला चीर असेल तर ती चीर गोल कापून टाका, नाहीतर ताण दिला की चीर पळते.

नंतर

केसासकट ठेवायचं असेल तर लगेच मीठ. ओल्या कातड्याच्या वजनाच्या निम्मं जाडं मीठ घ्या, आतून चोळा, कडा आणि काखा विसरू नका, तिरप्या फळीवर ठेवा म्हणजे पाणी निथळतं. दुसऱ्या दिवशी ते मीठ झटकून नवीन लावा. मग तुरटीचं पाणी, त्याची कृती स्वतंत्र आहे आणि मोठी आहे.

वाद्यासाठी असेल तर चुना. दहा लिटर पाण्याला साधारण अर्धा किलो विझवलेला चुना, प्लास्टिकच्या पिंपात, रोज दोनदा ढवळा, चष्मा आणि हातमोजे घालून, चुना डोळ्यात गेला तर काय होतं ते कोणाला सांगायला नको. तीन-चार दिवसांपासून केस ओढून बघा, सहज आले की काढा आणि परत ओंडक्यावर, यावेळी केसाची बाजू वर. इथे फक्त आणि फक्त बोथट कड. धारदार कड या बाजूला लावलीत तर वरचा गुळगुळीत थर कापला जातो आणि वाद्याचा आवाज फुटतो. केस गेल्यावर उलटं करून मांसाची बाजू परत एक हात बोथट कडेने घ्या, चुन्याने फुगल्यामुळे आधी राहिलेली झिल्ली आता सुटी झालेली असते. मग तीन-चार पाण्यांत धुवा, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर, आणि वाद्याच्या कड्यावर ओलं असतानाच ताणून बांधा. वाळवायचं सावलीत. ओलं कातडं उन्हात ठेवलं तर ते शिजतं अक्षरशः, कडक होऊन तडकतं.

खरवडलेली चरबी सिंकमध्ये किंवा गटारात टाकू नका, पाइप तुंबतो, आमच्या सोसायटीत तुंबला होता आणि तेव्हापासून मी हे काम एका मित्राच्या खेड शिवापूरच्या शेतावर करतो. दोन फूट खड्डा, वरून चुना, वरून माती, आणि मातीवर दगड, नाहीतर कुत्री रात्रीत उकरतात.

सुरा त्याच दिवशी धुवायचा. मीठ लागलेलं पोलाद एका रात्रीत गंजतं. सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडा करा, शिवणयंत्राचं तेल चोळा, धारदार कडेवर जुना पाइप उभा चिरून बसवा आणि चिंधीने बांधून भिंतीला टांगा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा चिंधी सोडून बघा. तांबूस ठिपका दिसला तर तो त्याच दिवशी दगडाने काढा, कारण धारेवरचा गंज महिन्याभरात खोलगट होतो, आणि मग ती परत खाचच.